गरजेचं वय

घरात संपणाऱ्या वस्तूंना पूर्वी एक मधली अवस्था असायची. पूर्ण संपलेली नाही, पण संपत आलेली. टूथपेस्टची ट्यूब खालून गुंडाळत गुंडाळत झाकणापर्यंत यायची. शॅम्पूच्या बाटलीत थोडं पाणी घालून ती जोरात हलवली जायची. धुण्याच्या पावडरचा तळ दिसू लागला की हातातलं माप आपोआप लहान व्हायचं. ही अवस्था चांगली आठवडाभर चालायची आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी "ते संपत आलंय हं" असं जाता जाता बोलून ठेवायचं. ऐकणारा "बघू" म्हणायचा. मग ते यादीत जायचं.

आमची यादी फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली. कागद नेहमी पाठकोरा. त्यावर आईचं बारीक, एकाखाली एक नीट लावलेलं अक्षर, बायकोचं घाईतलं आणि मुलीचं जागा मिळेल तिथे तिरकं घुसलेलं. एखाद्या ओळीवर काट मारलेली असायची आणि ती कुणी मारली यावरून वादही व्हायचे. त्या कागदावर वस्तूचं नाव लिहिलं गेल्यापासून ती वस्तू घरात येईपर्यंत जे दिवस जायचे, त्यांना मी मनाशी गरजेचं वय म्हणतो. काही गरजा चार दिवस जगायच्या, काही महिनाभर. पुष्कळशा मात्र घरात न येताच मरायच्या.

मरणाची कारणं अगदी साधी. टेबललॅम्प हवा होता. तोवर कुणीतरी टेबल खिडकीशी सरकवलं आणि काम भागलं. नवी कात्री लिहिली होती. जुनी कपाटामागे सापडली. छत्रीची तुटलेली काडी आईने दोऱ्याने बांधून टाकली. व्यायामाची चटई जिला हवी होती, तिचा व्यायामाचा उत्साहच तोवर ओसरला. पुढच्या यादीत ही नावं पुन्हा कुणी लिहीत नसे, आणि ती लिहिली नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

यात कुणाचं फार शहाणपण होतं असं मला वाटत नाही. मागच्या पिढ्यांच्या काटकसरीचं निम्मं श्रेय आळसाला द्यायला हवं. दुकानापर्यंत चालत जायचं, रांगेत उभं राहायचं, पिशव्या उचलून आणायच्या, जिना चढायचा. या सगळ्याचा कंटाळा हीच गरजेची खरी परीक्षा होती. कंटाळ्याला पुरून उरली ती गरज खरी. बाकीच्यांचा निकाल पायांनीच लावलेला असे, डोक्यापर्यंत तो विषय जायचाच नाही.

पाय जसे निकाल लावायचे तसे हातही लावायचे. व्यापाराच्या इतिहासातली एक गोष्ट मला यासाठी फार आवडते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानमालकाच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. वस्तू हवी की नको हा प्रश्नच उरत नाही, हात भरून आले म्हणून माणूस पैसे द्यायच्या खिडकीकडे वळतो. मग त्याने घडीच्या खुर्चीला चाकं आणि टोपल्या लावल्यासारखी एक गाडी बनवून घेतली आणि १९३७ साली ती दुकानात ठेवली. लोक तिला हात लावेनात. पुरुषांना वाटे, टोपली उचलायचीही ताकद नाही असं दिसेल. बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून झाल्या तेवढ्या पुरे. शेवटी गोल्डमनने वेगवेगळ्या वयाची माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना गिऱ्हाइकांसारखं दुकानभर गाडी ढकलत फिरायला लावलं. त्यांच्याकडे बघून मग खरी गिऱ्हाइकंही गाडी घेऊ लागली.

आज बहुतेक शॉपिंग ॲपच्या कोपऱ्यात त्याच गाडीचं चित्र असतं. फक्त आता ती ढकलावीही लागत नाही आणि तिच्यात काहीही घाला, ती जड होत नाही. वर एक छोटा आकडा तेवढा वाढतो.

गोल्डमनच्या आधीही एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती. १९१६ साली अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं, तोवर गिऱ्हाइकाने काउंटरवर यादी द्यायची आणि आतल्या नोकराने फळ्यांवरून सामान काढून द्यायचं अशी पद्धत होती. साँडर्सने नोकर काढले आणि गिऱ्हाइकालाच फळ्यांमधून फिरायला लावलं. निवडायचं, उचलायचं, वाहून आणायचं हे काम दुकानाकडून आपल्या अंगावर आलं आणि आपण त्याला स्वातंत्र्य समजलो. शंभरेक वर्षांनी चक्र उलटं फिरलंय. यादी आपण देतो आणि सामान काढून देणारा नोकर परत आलाय. फरक एवढाच की तो आता काउंटरपलीकडे उभा दिसत नाही, शहराबाहेरच्या गोदामात असतो. पूर्वीचा नोकर निदान म्हणायचा तरी, "परवाच तर नेलंत की हे!" तेवढंच बोलणं कधी कधी एखादी गरज मारायला पुरेसं व्हायचं.

घरपोच सेवेला दोष देणं मात्र चुकीचं ठरेल, कारण ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. वेल्समधल्या न्यूटाउन गावच्या प्राइस प्राइस-जोन्सने १८६१ साली टपालाने मागणी घेऊन रेल्वेने लोकरीचं कापड पाठवायला सुरुवात केली. १८७२ साली शिकागोत ॲरन मॉन्टगोमेरी वॉर्डने एका कागदावर छापलेली किंमतयादी शेतकऱ्यांना पाठवली आणि तिचे पुढे जाडजूड कॅटलॉग झाले. वस्तू दारात यायची, पण पत्र जायला आणि माल यायला वेळ लागायचा. मागवणाऱ्या घरात कॅटलॉग दिवसेंदिवस चाळला जात असणार, पानांचे कोपरे दुमडले जात असणार आणि शेवटी मागणीपत्रावर दुमडलेल्या पानांपेक्षा कमीच वस्तू उतरत असणार. दारात माल येण्याने गरजेच्या वयाला धक्का लागला नाही. तो लागला मधला वेळ कापल्यामुळे.

आणि तो वेळ किती पद्धतशीरपणे कापला गेला! १९९७ साली ॲमेझॉनने एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं आणि १९९९ साली त्यांना ते अमेरिकेत मिळालं. पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं, तुम्ही फक्त बटण दाबायचं. अ‍ॅपलसारख्या कंपनीनेही ही पद्धत वापरण्याचा परवाना विकत घेतला. २०१७ साली पेटंटची मुदत संपली आणि सगळ्यांनाच ते दार मोकळं झालं. पत्ता टाइप करायला लागणारा तो मिनिटभराचा कंटाळा दुकानापर्यंत चालण्याच्या कंटाळ्याचा शेवटचा वारस होता. तोही गेला. २००५ साली ॲमेझॉनची प्राइम ही वर्गणीची योजना आली आणि दोन दिवसांत माल ही अमेरिकेत नेहमीची गोष्ट झाली. मग त्याच दिवशी. आता कितीतरी शहरांत काही मिनिटांत.

२०१५ साली याच कंपनीने डॅश नावाचं एक बोटभर बटण बाजारात आणलं. एका बटणाला एकच वस्तू. धुण्याच्या पावडरचं बटण वॉशिंग मशीनवर चिकटवायचं, पावडर संपत आली की दाबायचं, पावडर घरी. घोषणा ३१ मार्चला झाल्यामुळे अनेकांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली. पुढे जर्मनीत या बटणावर खटला झाला. दाबताना वस्तूची किंमत काय आहे हे ग्राहकाला कळतच नाही, हा मुख्य आक्षेप होता आणि २०१९ साली म्युनिकच्या कोर्टाने तो मान्य केला. त्याच वर्षी कंपनीने बटणं विकणं थांबवलं. तोवर ॲपमध्ये आणि आवाजाने चालणाऱ्या उपकरणांत तेच काम होऊ लागलं होतं, त्यामुळे बटणाच्या जाण्याने कुणाचं काही अडलं नाही.

याहून अचंबा मला एका पेटंटचा वाटतो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनला मिळालेल्या त्या पेटंटची कल्पना अशी: ग्राहकाने ऑर्डर देण्याआधीच, तो देईल अशा अंदाजाने, माल त्याच्या भागाकडे रवाना करायचा. म्हणजे गरज जन्मायच्या आधी तिची पूर्तता ट्रकमध्ये चढलेली. गरजेचं वय शून्यावर आणून झालं, आता ते उणे करायचं.

माझी मुलगी या सगळ्यावर एक बिनतोड प्रश्न विचारते. "बाबा, वाट बघून तुझी गरज मरते, कारण तुझ्याकडे आधीच सगळं आहे. ज्याच्याकडे नाहीये, त्याने का थांबायचं?" तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि इतिहासही तिच्याच बाजूने आहे. मायकल ऑल्ड्रिच या इंग्लिश माणसाने १९७९ साली घरातला टीव्ही टेलिफोनच्या तारेने व्यवहार करणाऱ्या कॉम्प्युटरला जोडून दाखवला. तेच तंत्र वापरून १९८४ साली इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावात जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या बाईंनी घरात बसून, टीव्हीच्या रिमोटने टेस्को दुकानातून सामान मागवलं: मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. घरातून केलेली पहिली ऑनलाइन खरेदी म्हणून ती ओळखली जाते. ही योजना वृद्धांची आणि हिंडणंफिरणं अवघड झालेल्यांची सोय व्हावी म्हणून तिथल्या नगरपालिकेच्या पुढाकाराने राबवली होती. त्या यादीतली एकही वस्तू हौसेची नाही. त्या बाईंच्या गरजेला थांबायला लावून जगाचं काय भलं होणार होतं? औषधं, लहान मुलांचे डायपर, मध्यरात्री गेलेला बल्ब, आजारी माणसाच्या घरात लागणारं काहीही, यांना वय असूच नये.

त्यामुळे माझी तक्रार वेगाबद्दल आहे असं म्हणणंही पुरतं खरं नाही. ज्या गरजेला घाई नाही तिलाही आता घाईचा पोशाख चढवला जातो, तो मला खुपतो. आणि त्यासाठी ॲप बनवणाऱ्यांनी फार बारकाईने कष्ट घेतलेत. "फक्त दोन शिल्लक." "या किमतीचे शेवटचे तीन तास." खाली पळणारं घड्याळ. ठरावीक रकमेपर्यंत खरेदी गेली नाही तर डिलिव्हरीचे पैसे वेगळे. मग ती रक्कम गाठण्यासाठी आपण वस्तू शोधत बसतो. ही शोधाशोध मला आजच्या घरखर्चातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट वाटते. गरज आधी आणि वस्तू नंतर हा क्रम तिथे उलटा होतो: रकमेत एवढी जागा शिल्लक आहे, तिच्यात मावेल अशी एखादी गरज सांगा! घरात सगळे गंभीर चेहऱ्याने विचार करतात. कुणीतरी म्हणतं, चिमटे घे कपड्यांचे. चिमटे आहेत. असू देत, लागतातच.

पैसे देणं जाणवेनासं होतं हाही त्यातलाच भाग. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा विद्यार्थ्यांमध्ये लिलाव केला होता. काहींनी पैसे रोख द्यायचे होते, काहींनी क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त गेली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे फोनवर अंगठा टेकवून पैसे जायच्या कितीतरी आधी. नोटा मोजताना हात जरा आखडतो. अंगठ्याला आखडायला जागाच नाही.

तरीही घरं अगदीच हरलेली नाहीत आणि याचा पुरावा व्यापाऱ्यांच्याच आकड्यांत आहे. बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची डेन्मार्कमधली एक संस्था वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून सांगते की ऑनलाइन भरलेल्या कार्टपैकी सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास कार्ट खरेदीविना तशाच सोडून दिल्या जातात. धंद्याच्या लेखी हे भलंमोठं नुकसान आहे आणि ते कमी कसं करावं यावर माणसं पगार घेऊन डोकं चालवतात. मला तो आकडा वाचून बरं वाटलं. काही जण डिलिव्हरीचे पैसे बघून मागे फिरत असतील, काहींचं कार्ड चालत नसेल, काही नुसतेच भटकायला आलेले असतील. पण उरलेले? त्यांनी यादी केली आणि मग "बघू" म्हटलं. फ्रिजवरचा पाठकोरा कागद गेला, पण गरजेला थोडं ताटकळत ठेवायची लोकांची जुनी खोड काही गेली नाही. त्यांनी त्यासाठी कार्टच वापरायला घेतली.

अडचण एकच: कागद विसरायचा, कार्ट विसरत नाही. दुसऱ्या दिवशी ई-मेल येतो, तिसऱ्या दिवशी फोन वाजतो, चौथ्या दिवशी त्याच चपला तुम्ही बातमी वाचत असताना शेजारी येऊन उभ्या राहतात. विसरून जाणं हा घर चालवण्यातला एक मोठा आधार होता. आता कुणीतरी तो चोवीस तास राबून काढून घेतंय.

आपण थांबायचं थांबलो, म्हणजे थांबण्याचा वेळ कुठे गेला? तो नाहीसा झाला नाही, दुसऱ्यांच्या अंगावर गेला. मोठ्या गोदामांत सामान ठेवायची एक पद्धत आहे, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खोटी वाटली होती. तिथे सगळे टूथब्रश एका फळीवर, सगळी पुस्तकं दुसऱ्या फळीवर असं नसतं. आलेली वस्तू जिथे जागा असेल त्या कप्प्यात टाकतात. टूथब्रशशेजारी चार्जर, चार्जरशेजारी बाहुली. बारकोड स्कॅन होतो आणि कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक असतं. अशाने एकच वस्तू गोदामभर विखुरते आणि ऑर्डर आली की जिथून ती सगळ्यात लवकर काढता येईल तो कप्पा निवडता येतो. शिवाय एका कप्प्यात सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी नसल्याने चुकीची उचलली जाण्याचा धोकाही कमी होतो. हुशार व्यवस्था आहे. पण तिथे काम करणाऱ्या माणसाला "अमुक वस्तू त्या कोपऱ्यात असते" हे ज्ञान कधीच मिळत नाही. वर्षानुवर्षं काम केलं तरी स्कॅनर सांगेल तिकडे जायचं. आणि पुढच्या वस्तूपर्यंत किती सेकंदांत पोहोचायचं, हेही अनेक ठिकाणी यंत्रच मोजत असतं.

मग रस्ता. दहा घरांना माल द्यायचा असेल तर ती दहा घरं घ्यायचे क्रम ३६,२८,८०० होतात. वीस घरांचे क्रम तर एकोणीस अंकी संख्येत जातात. त्यातला सगळ्यात आखूड क्रम शोधणं हे गणितातलं एक प्रसिद्ध अवघड कोडं आहे. सॉफ्टवेअर त्याचं पुरेसं चांगलं उत्तर काढतं आणि ट्रक निघतो. एकाच भागातली पुष्कळ घरं एका फेरीत झाली तर प्रत्येक घराने आपापली गाडी काढून दुकानात जाण्यापेक्षा इंधन कमीच लागतं. म्हणजे घरपोच सेवा मुळात पर्यावरणाच्या विरुद्ध नाही. पण फेरी भरायला वेळ द्यावा लागतो, शेजारच्या घरांच्या ऑर्डर गोळा होऊ द्याव्या लागतात. दहा मिनिटांत मिळायला हवी असलेली वस्तू कुणाची वाट बघू शकत नाही. ती एकटीच निघते.

तिला घेऊन येणारा माणूस आमच्या दारात किती वेळ असतो? "थँक्यू दादा" म्हणेपर्यंत तो जिन्याचं वळण उतरलेला असतो आणि त्याच्या हातातला फोन पुढचा पत्ता बोलत असतो. इकडे आम्ही नकाशावर सरकणारा ठिपका बघत असतो. "तो तिथेच का थांबलाय?" असं घरात कुणीतरी हमखास विचारतं. सिग्नल असेल, पाऊस असेल, आधीच्या घरातलं कुणी दार उघडत नसेल. महिनाभर कात्रीवाचून राहणाऱ्या माणसांना आता पंधराव्या मिनिटाला घालमेल होते. नकाशा दिसला नसता तर ती झालीच नसती.

वस्तू आल्यावर घरात जे नवं काम सुरू होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आमच्या घरात ते माझ्याकडे आहे, म्हणून मी बोलतो. चिकटपट्टी नखाने सुटत नाही, कात्री शोधा. खोक्यातून खोकं, त्यातून फुग्यांचं प्लास्टिक, त्यातून पिशवी, तिच्यात वस्तू. (ते फुग्यांचं प्लास्टिक १९५७ साली भिंतीवर चिकटवायचा नक्षीदार कागद म्हणून जन्माला आलं होतं. भिंतीवर कुणी लावलं नाही, म्हणून पॅकिंगला गेलं. फोडायला मात्र तेव्हापासून गिऱ्हाइकांची कमतरता नाही.) मग खोक्यावरचा नावपत्त्याचा कागद खरवडून काढा, चिकटपट्टी सोलून काढा, खोकं चपटं करा, दाराआड ठेवा, दाराआडचा ढीग पडला की पुन्हा लावा, आणि एक दिवस तो रद्दीत न्या.

या पुठ्ठ्याबद्दल मला आदरही आहे. लाटा पाडलेला कागद १८७१ साली अल्बर्ट जोन्स या अमेरिकन माणसाने बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी पेटंट करून घेतला. पुढे १८७९ साली न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात कागदी पिशव्यांवर घडीची रेघ पाडणारी पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. झालेलं नुकसान बघताना गेअरला सुचलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात करता येईल. आज आपण दाराआड चपटं करून ठेवतो ते खोकं या दोन गोष्टींतून आलंय. इतकी हलकी, मजबूत आणि पुन्हा लगद्यात जाऊ शकणारी वस्तू शोधून सापडणार नाही. मग आपण तिच्यात हवा भरून पाठवतो. छोटा बल्ब, भलंमोठं खोकं. याचंही कारण आहे: पॅकिंगच्या जागी खोक्यांचे ठरावीकच आकार ठेवलेले असतात आणि घाईत हाताशी येईल ते घेतलं जातं. कुरिअरवाल्यांना या हवेची किंमत पक्की ठाऊक असते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि पुष्कळ ठिकाणी ५००० ने भागायचं, की आकारावरून धरलेलं किलोतलं वजन मिळतं. चाळीस बाय तीस बाय पंचवीसचं खोकं म्हणजे सहा किलो, मग आत शंभर ग्रॅमचा बल्ब का असेना. ट्रकमधली जागा हवेनेही तेवढीच अडते.

परत पाठवायची सोय आहे म्हणून काय झालं, घेऊन तर बघू, हेही आता घरोघरी ऐकू येतं. पण परत पाठवायची वस्तू बरेचदा कोपऱ्यात पडून राहते आणि मुदत टळून जाते. १९९० साली डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला: काही जणांना कॉफीचे मग दिले आणि केवढ्याला विकाल असं विचारलं, बाकीच्यांना तोच मग केवढ्याला घ्याल असं विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांची किंमत दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. मग हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. खोक्यातून निघून आमच्या फळीवर बसलेली वस्तू तर कित्येक दिवसांची रहिवासी असते. तिला घालवायचं म्हणजे पुन्हा खोकं शोधा, चिकटपट्टी शोधा, कुणी न्यायला येणार त्या वेळेत घरी थांबा. दुकानापर्यंत चालण्याचा जो कंटाळा पूर्वी वस्तूला घराबाहेर रोखायचा, तोच आता तिला घरात ठेवून घेतो.

आणखी एक गोष्ट या वेगाने गेली, ती म्हणजे मागून आणणं. शिडी, पंप, लांब वायरचा बोर्ड, मोठी बॅग या वस्तू सगळ्या इमारतीत मिळून एखाद-दुसऱ्या असत आणि हिंडत असत. मागायला जायचं म्हणजे दार वाजवायचं, बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, परत देताना पुन्हा बोलायचं. संकोच असायचाच. आता संकोचापेक्षा डिलिव्हरी स्वस्त झालीय आणि लवकरही येते. म्हणून प्रत्येक घरात शिडी आहे आणि प्रत्येक शिडी वर्षातून एकदा उघडते.

आईला फोनवर मागवायला मुलीने शिकवलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं की तिला ते जमणार नाही. जमलं, पण तिच्या पद्धतीने. तिने कार्टलाच फ्रिजचं दार केलं. मनात येईल ते ती कार्टमध्ये टाकते आणि तिथेच ठेवते. ऑर्डर आठवड्याने. तोवर रोज एकदा उघडून बघते, चष्मा वर सारते आणि एखादी वस्तू काढून टाकते. सूचना तिने मुलीकडून बंद करून घेतल्यात. "त्या मेल्याला सांग, मी मला हवं तेव्हा येईन," असं ती फोनकडे बघून म्हणाली होती. डिलिव्हरीच्या पैशांसाठी रक्कम गाठायची वेळ तिच्यावर येत नाही, आठवड्याचं सामान एकत्र झालं की ती आपोआप गाठली जाते. काही ॲपमध्ये सावकाश, सगळं एका खेपेत पाठवा असा पर्याय असतो. तो दिसला की ती तोच निवडते. येणाऱ्या माणसाला पाणी विचारता येईल एवढा वेळ त्याच्याकडे असावा, असं तिचं म्हणणं. तसा तो नसतोच, पण ती विचारते.

हळूहळू तिचं खातं सगळ्या घराचं झालं. आता नियम असा की टाकायचं कुणीही, पण ऑर्डर रविवारी, सगळ्यांसमोर. औषधं आणि मुलीच्या कॉलेजचं काही अडलं असेल तर ते यातून वगळलेलं. शनिवारी रात्री कार्टमध्ये गुपचूप भर पडते आणि रविवारी सकाळी त्यातलं बरंचसं वगळलं जातं. मुलीने टाकलेला रंगीत दिव्यांचा पट्टा आईने काढला, मुलीने परत टाकला, बायकोने काढला, आता पुन्हा आहे. माझे बूट टिकून आहेत, कारण जुन्यांचा तळ खरोखरच गेलाय. ड्रिल मशीन बायकोने टाकून बरेच दिवस झाले. मध्ये त्याची किंमत उतरली तेव्हा ती जवळजवळ मागवणारच होती. भिंतीत भोक एकच पाडायचंय. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे चांगलं ड्रिल आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते मागायला कुणी जायचं यावर अजून एकमत झालेलं नाही.